चाल : पहाटेची हरिणी

"आय थिंक यू हॅव द राँग नंबर, सर," शेनॉन म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला. झालं ते एवढंच. इग्नेशियस मात्र रिसीव्हर कानाला तसाच धरून बसला. मोबाइलची बॅटरी उतरली होती म्हणून त्याने टेबलावरच्या ऑफिसच्या फोनवरून लेकीला नंबर लावला होता. गुड फ्रायडेला येतेस ना, इतकंच विचारायचं होतं. 'शेनू' अशी हाक मारली होती त्याने. एकदा नाही, दोनदा. आणि पलीकडून ते 'सर'. दुबईत अल बर्शातल्या हॉटेलात रिसेप्शनला उभी राहून राहून तिच्या जिभेवर बसलेलं, इस्त्री केलेलं, गोड 'सर'. पोरीने उर्मटपणा केला असता तर परवडलं असतं. त्याने रिसीव्हर ठेवला, समोरच्या शिपमेंटच्या कागदांवर नजर रोवली. काचेपलीकडे हमरियाच्या बंदरात एक क्रेन कंटेनर उचलून हवेत तसाच धरून उभी होती, खाली ठेवायचं विसरल्यासारखी. आणि त्याच्या मनात आलं, पोटच्या पोरीला जो आवाज ओळखू येत नाही, तो वर कोणाला ओळखू येत असेल? गेलं वर्षभर जे तो स्वतःशीसुद्धा बोलला नव्हता, ते असं एका राँग नंबरातून बाहेर पडलं.

गेल्या वर्षी गळ्यातली थायरॉइडची गाठ काढली. गाठ साधी निघाली, बर्थाने मेणबत्त्या लावल्या, शेनॉन केक घेऊन आली, आणि त्या आनंदात तो 'थँक यू' म्हणायला गेला तेव्हा तोंडातून नुसता वारा आला. सगळे हसले. तोही हसला, वाऱ्यानेच. पुढे एक आवाज आला हळूहळू, पण तो त्याचा नव्हता. पाणी संपलेल्या टाकीवर पंप चालू राहावा तसा, कोरडा, घरघरणारा, मध्येच तुटणारा. स्वरयंत्राची एक नस दुखावली होती. असं कधी कधी होतं, आधी सांगितलंही होतं डॉक्टरांनी. आवाजाचे व्यायाम घेणारी मुनिबा, लाहोरची, त्याच्या लहान बहिणीएवढी, तरी पहिल्या दिवसापासून त्याला अंकल म्हणायची. तिच्यासमोर तो महिनोन् महिने 'आ' आणि 'ई' करत बसला, बालवाडीतल्या पोरासारखा. एक दिवस ती म्हणाली, "अंकल, बोलने की आवाज़ और अच्छी हो जाएगी. गाने की..." आणि तिने डोळे मिटले. "इन्शाल्ला." इतकी वर्षं इथे काढल्यावर इग्नेशियसला इन्शाल्लाचे प्रकार कळायचे. ऑफिसात कोणी इन्शाल्ला म्हटलं की काम पुढच्या आठवड्यावर गेलं समजायचं. पण मुनिबाचा इन्शाल्ला तसला नव्हता. तिने खरोखरच ती गोष्ट वरच्याच्या हवाली केली होती, मनापासून, आणि म्हणूनच तो घाबरला. तेव्हापासून तो फोनवर बोलेनासा झाला. मेसेज टाकायचा. लेकीलाही मेसेजच. ती सुट्टीला शारजाला घरी आली की हाताने, मानेने, कुजबुजीने भागायचं. आणि तरुण पोरीला बापाशी बोलायला असा किती वेळ असतो!

तो कीर्तनकार होता. म्हणजे पोटासाठी लॉजिस्टिक्सवाला, पण आतून विचाराल तर कीर्तनकार. वसईत त्याचे बाबा उपवासकाळात गावोगाव ख्रिस्ती कीर्तन करत. धोतर, उपरणं, गळ्यात क्रूस, हातात चिपळ्या. चर्चसमोरच्या मांडवात उभे राहिले की समुद्रावरून येणारा वारासुद्धा त्यांच्या तालात यायचा. कोंबडा आरवण्याआधी पेत्र प्रभूला तीनदा नाकारतो तो प्रसंग लागला की बायका पदर डोळ्याला लावत, आणि लगेच पुढे पोरं खदाखदा हसत, कारण बाबा कोंबडा हुबेहूब आरवून दाखवत. रडू आणि हसू यांत एका श्वासाचं अंतर. लहानगा इग्नेस मागे उभा राहून झील धरायचा, म्हणजे बाबांनी ओळ अर्धी सोडली की ती उचलून पुढे न्यायची. "शब्द काय, सगळ्यांचेच असतात रे," बाबा म्हणत. "आवाज आपला असतो. देव माणसाला ओळखतो तो आवाजावरून." हे वाक्य त्याने शिदोरीसारखं इथे आणलं होतं. शारजाच्या चर्चच्या आवारातल्या हॉलमध्ये दर गुड फ्रायडेला मराठी कीर्तन सुरू झालं ते त्याच्यामुळे. अबूधाबीपासून रास अल खैमापर्यंतची वसईची माणसं त्याला ऐकायला यायची. हॉटेलातले, ऑफिसातले, वर्षभर हिंदी-इंग्रजीत तोंड वेंगाडून थकलेले लोक तिथे चपला काढून बसायचे आणि आपल्या भाषेत रडायचे. त्याने कधी गुडघे टेकून नुसत्या शब्दांनी प्रार्थना केल्याचं त्याला आठवत नव्हतं. शेनॉन तान्ही असताना तिला झोपवायचा तेही त्यानेच, गाऊन. बर्था गात नसे. आता तो जपमाळ हातात घेई तेव्हा ओठांवरून शब्द घसरत जात, माल पोचल्याची पावती वाचावी तसे. पलीकडे कोणी उचलत नाही, नुसती रिंग जाते आहे.

हमरियाहून शारजा शहरात शिरताना संध्याकाळी गाड्यांची जी रांग लागते, तिच्यात तो आता उभा होता. पुढच्या पिकअपमध्ये बकऱ्या होत्या. त्यातली एक त्याच्याकडे टक लावून बघत होती. मोबाइल गाडीत चार्जिंगला लागला तसा त्याने सवयीने वर्गाचं रेकॉर्डिंग लावलं. पुण्याचे एक फादर ऑनलाइन शिकवत: पवित्र शास्त्र, मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांतून. आवाज गेल्यावर इथल्या चर्चच्या फादरनीच सुचवलं होतं, "इग्नेशियस, गाता येत नाही तोवर शब्द बघ. शब्दांच्या खाली विहिरी आहेत." आणि तो उतरला. रिकामी बादली घेऊन उतरावं तसा. इतर लोक वर्गात ज्ञानासाठी येत. निवृत्त बँकवाले, एक डेंटिस्ट, मंगळुरूच्या दोन सिस्टर. हा एकटाच तिथे चोरासारखा काहीतरी शोधत होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. कुठेतरी, कुठल्यातरी मूळ शब्दात, भाषांतर करणाऱ्यांच्या हातून निसटलेलं असं काही, की ज्यात लिहिलेलं असेल: आवाज गेला तरी चालेल.

योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळ आला तेव्हा त्याने रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं होतं. मेंढरं मेंढपाळाचा आवाज ओळखतात, हे तर बाबांच्या कीर्तनातच पाठ झालेलं. पण उलट? मेंढपाळ मेंढराला कशावरून ओळखतो? त्याने मोबाइलवर ग्रीक ओळ बोटाने ओढून मोठी केली. मेंढरांच्या बाजूला 'आवाज' हा शब्द आहे. मेंढपाळाच्या बाजूला नुसतं 'मी त्यांना ओळखतो', गिनोस्को. कशावरून ते दिलेलंच नाही. त्या रिकाम्या जागेत तो कितीतरी दिवस येरझाऱ्या घालत राहिला. आवाजावरून असं लिहिलेलं नाही, म्हणजे आशा आहे. दुसरं काही लिहिलेलं नाही, म्हणजे नाही. मग एका स्तोत्रात सापडलं की हिब्रूत जे आहे त्याचा सरळ अर्थ असा होतो: तुला मौन हीच स्तुती. दुमिया, मौन. फादर गहिवरून बोलले त्यावर, सिस्टरांनी स्क्रीनवर हात जोडले. इग्नेशियसला राग आला. मौन ज्याने निवडलं त्याची ती स्तुती असेल. ज्याच्या तोंडात ते कोंबलंय, त्याची?

आणि मग बाविसावं स्तोत्र आलं. ते त्याचंच होतं. माझ्या देवा, माझ्या देवा, का सोडलंस मला, हे क्रूसावरून प्रभू ओरडला ते शब्द या स्तोत्राचे. बाबांनी ते भैरवीत बांधलं होतं आणि गुड फ्रायडेचं कीर्तन त्याच्याभोवतीच फिरायचं. फादर मात्र पहिल्या ओळीवर गेलेच नाहीत. ते ओळीच्याही वर थांबले, जिथे बारीक अक्षरात काहीतरी असतं आणि आपण ते सोडून देतो. "अय्येलेत हश्शाहर," ते म्हणाले. "पहाटेची हरिणी. हे बहुधा त्या काळच्या एखाद्या गाण्याचं नाव. म्हणजे या चालीवर म्हणा. ती चाल आता कोणालाच ठाऊक नाही. स्तोत्रांच्या सगळ्याच चाली गेल्या. शब्द तेवढे राहिले." इग्नेशियसने गाडी बाजूला घेतली होती त्या दिवशी. आपल्या गीतांच्या पुस्तकात असतं ना डोक्यावर, 'चाल' आणि पुढे दोन टिंबं, आणि मग एखाद्या जुन्या गाण्याचा मुखडा! कोणीतरी एक माणूस होता म्हणजे. बाबांसारखा. त्याने गायकांना सांगितलं असणार, अरे ते हरिणीचं गाणं येतं ना, त्याच्यावर बसवा. आणि सगळ्यांना येत असणार, म्हणून तर पुढे लिहून ठेवलं नाही. इतकी ओळखीची चाल की लिहायची गरजच नव्हती. ती मेली. मेलेल्या गाण्यांचं केवढं हे थडगं आपण उशाशी घेऊन झोपतो! खालच्या ओळीही मग उघडत गेल्या. माझ्या कण्हण्यापासून तू दूर का, असं तो आजवर गात आला होता. हिब्रूत कण्हणं नव्हतंच, शआगा होती, जनावराची डरकाळी. आणि पुढे, माझा जोम खापरासारखा वाळला, जीभ टाळूला चिकटली. त्याला वाटलं होतं, दुःखाची उपमा आहे. ती उपमा नव्हती. तो घसा होता. ज्या घशातून आता सूर निघणार नाही, अशा घशाने लिहिलेलं ते होतं, आणि हा मूर्ख मनुष्य आयुष्यभर ते भरल्या गळ्याने, तानांसकट, लोकांच्या वाहवा घेत गात आला होता. यातून दिलासा मिळायला हवा होता. मिळाला नाही. इतकंच कळलं की खड्डा जुना आहे.

पिकअप हलला, बकरी डोलली, पुन्हा सगळं थांबलं. रेकॉर्डिंगमध्ये फादर आता उत्पत्तीच्या पुस्तकावर आले होते. आंधळा इसहाक, आणि थोरल्याचा आशीर्वाद लाटायला आलेला धाकटा याकोब. थोरला एसाव केसाळ, म्हणून याने हातांवर बकरीची कातडी गुंडाळलेली. बाप चाचपडतो आणि म्हणतो, हक्कोल कोल याकोव. आवाज तर याकोबाचा आहे, हात मात्र एसावाचे. इग्नेशियसने घाईने बटण दाबून ते बंद केलं. पुढच्या बकरीकडे त्याला बघवेना. कारण परवा, गुड फ्रायडेच्या दुपारी, तोही अशीच कातडी गुंडाळून उभा राहणार होता.

ती सुजीतची कल्पना. सुजीत वसईचाच, दुबईच्या हॉटेलांत लग्नांना, पार्ट्यांना साऊंड लावणारा, मनाने लोण्यासारखा. महिन्यापूर्वी घरी आला, सोफ्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "अंकल, टेन्शनच घेऊ नका. तीन वर्षांपूर्वीचं तुमचं कीर्तन आहे माझ्याकडे. एकदम क्लीन. तुम्ही फक्त उभं राहायचं, हात करायचे, ओठ हलवायचे. मागून मी सोडतो. कोणाला कळणारपण नाही."

"गुड फ्रायडेला वाद्य वाजवत नाहीत," इग्नेशियस घरघरला. खरंच होतं ते. त्या दिवशी पेटी नाही, तबला नाही, चर्चची घंटासुद्धा नाही; तिच्या जागी लाकडावर लाकूड आपटतात. उघडा आवाज, बस.

"स्पीकर काय वाद्य आहे का अंकल? मग पंखापण बंद करू." बर्था स्वयंपाकघरातून हसली. सुजीतला तेवढंच पुरलं. "अहो, मोठमोठे सिंगर येतात इथे शोला, अर्ध्यांचं मागून वाजत असतं. मी लावतो ना, मला माहितीय. लोकांना फील पाहिजे, हबीबी. नाहीतर प्रोग्राम कॅन्सल करावा लागेल. क्रिसला एकट्याला जमणार आहे का? तो झील धरतो ती ठीक आहे."

"ओठ हलवायचे ना? मला विचार," बर्था चहा ठेवत म्हणाली. "त्यात माझी पीएचडी आहे."

हे घरातलं जुनं विनोदाचं खातं. बर्था बेसूर होती. साधीसुधी नाही, दोन स्वर एका ओळीत सरळ लावता येणार नाहीत अशी. शाळेत बिशप येणार होते तेव्हा गाण्याच्या सिस्टरने तिच्या गालाला हात लावून सांगितलं होतं, "बर्था बाळ, तू नुसते ओठ हलव हं." तेव्हापासून ती चर्चमध्ये नुसते ओठ हलवत आली. लग्नाच्या मिस्साविधीतही. त्याला ते कळलं लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी, आणि तो पोट धरून हसला होता. कीर्तनकाराची बायको आणि मुकी!

सुजीतला तो हो म्हणाला. लोकांसाठी, असं त्याने बर्थाला सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण ते खरं कारणही नव्हतं. खरं कारण इतकं लहान मुलासारखं होतं की ते आत्ता, या रांगेत, सूर्य समोरच्या काचांवर फुटत असताना, त्याला पहिल्यांदा नीट दिसलं. त्याला वाटलं होतं, देवाला तो जुना आवाज ओळखू येईल. हॉलमधून तो आवाज वर जाईल आणि देव मान वळवेल, अरे, हा तर इग्नेस, कुठे होता इतके दिवस. आणि मान वळलीच आहे तर खाली कोण उभा आहे हेही बघेल. मग पुढचं पुढे. देवाला रेकॉर्डिंग ऐकवून बोलवायचं! आंधळ्या बापासारखं फसवायचं त्याला! आणि याकोबाला निदान दुसऱ्याची कातडी लागली. इथे आवाजही आपला, हातही आपले, आणि तरी फसवणूक. पण मग दुसरं करायचं काय? या घरघरीने हाक मारायची, आणि वरूनही तसंच गोड, इस्त्री केलेलं उत्तर यायचं? राँग नंबर, सर?

घरी शिरला तेव्हा सुक्या बोंबलाचा वास दारापर्यंत आला होता. बर्थाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. "काय रे, असा का दिसतोस? ट्रॅफिक?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' पण आता हवेतूनच येतं. शेनूला विचारलंस?"

"येईल ती," तो म्हणाला. फोनचं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बर्थाने लेकीला झापलं असतं, लेकीने सॉरी डॅडा म्हणून रडून घेतलं असतं, आणि ते 'सर' कायमचं घरात राहायला आलं असतं. तो ओट्याला टेकून उभा राहिला. बर्था डाळीला फोडणी देत होती. "बर्था," त्याने विचारलं, "तू चर्चमध्ये ओठ हलवतेस, तेव्हा आत काय करतेस?"

"म्हणजे?"

"बाहेर सगळे गातात. तू नुसते ओठ. आत काय असतं?"

ती फोडणीकडे बघत राहिली. मोहरी तडतडून थांबली तरी तिने डाळ ओतली नाही. "आत गाते की," ती म्हणाली. "आत कोण अडवतंय? आत मी मस्त गाते. तुझ्यापेक्षा वर लावते."

"आणि मग?"

"मग काय? गाणं संपतं, सगळे बसतात. माझं आतच राहतं." तिने डाळ ओतली, चर्रर्र झालं, आणि त्या आवाजाआड ती हसल्यासारखी म्हणाली, "सिस्टरने सांगितलं तेव्हापासून साठलंय सगळं. एक दिवस पोट फुटेल बघ माझं." तो हसला नाही. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईच्या आत एक अख्खं न गायलेलं पुस्तक पडून आहे, आणि आपण त्यावर विनोद करत आलो, हे त्याला जेवतानाही गिळता येईना. तिला कधी विचारलं नाही आपण, तुझं ते वर पोचतं का. तिला बहुधा माहीतही नसेल. तिने उत्तराची वाट न बघता फोन लावत राहण्याची सवय करून घेतली होती.

शुक्रवारी हॉल भरला. चपलांचा ढीग दारात, एसी चालू, तरी लोक वर्तमानपत्रांनी वारा घेत होते. कोणीतरी लाकडावर लाकूड आपटलं आणि सगळे गप्प झाले. इग्नेशियस धोतर-उपरण्यात समोर उभा, न वाजवायच्या चिपळ्या नुसत्या हातात. मागे क्रिस, झील धरायला. अगदी शेवटच्या भिंतीला लॅपटॉप घेऊन सुजीत, त्याने अंगठा वर केला. शेनॉन नुकतीच पोचली होती, हॉटेलच्या युनिफॉर्मवरच, दाराशी सँडल काढत होती. बर्था बायकांच्या तिसऱ्या रांगेत. मग स्पीकरमधून त्याचा आवाज आला.

त्याला वाटलं होतं, गोड वाटेल. मेलेला भाऊ शेजारच्या खोलीत बोलावा तसा तो आवाज होता, निर्धास्त, भरलेला, आपण मेलो आहोत हे ठाऊक नसलेला. तो ओठ हलवत गेला. गेथशेमानेची बाग झाली, कोंबडा आरवला, पोरं हसली, बायकांचे रुमाल निघाले. लोक खरेच रडत होते. पुढच्या रांगेतल्या म्हातारबांनी डोळे मिटून मान डोलावली. कोणालाच कळत नव्हतं, आणि हेच भयंकर होतं. शब्द त्याच्या तोंडावरून असे जात होते जशी बेल्टवरून खोकी. फक्त बर्था त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. ती त्याच्या ओठांकडे बघत होती, जाणकार जसा दुसऱ्याच्या हाताकडे बघतो तसं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते त्याने कधी पाहिलं नव्हतं. कीव नव्हती ती. तू पण? असं काहीतरी होतं. तू पण इथे आलास?

आवाज क्रूसापाशी पोचला. भैरवी सुरू झाली. माझ्या देवा, माझ्या देवा, तो आवाज वर चढला, अवघड जागी जाऊन पक्ष्यासारखा अलगद बसला, आणि इग्नेशियसने तोंड मिटलं. त्याने ठरवलं नव्हतं. जीभ टाळूला चिकटली. त्याच्या मिटल्या तोंडासमोर त्याचा आवाज गातच राहिला, तान घेऊन खाली आला, पुन्हा वर गेला. म्हातारबांनी डोळे उघडले. कोणीतरी बाजूच्याला कोपर मारलं. कुजबुज मागे मागे गेली, सुजीतने काहीतरी खटकन दाबलं आणि गाणं मधोमध तुटलं.

आता हॉलमध्ये फक्त एसी होता. यल्ला, चला, कोणीतरी काहीतरी करा, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं. त्याने श्वास घेतला, मुनिबाने शिकवला होता तसा, पोटातून. आणि बोलला. "माझ्या देवा." निघालं ते गाणं नव्हतं, बोलणंही नव्हतं, कोरड्या पाइपातून हवा फाडत यावी तसं काहीतरी, लहान पोरं आईला बिलगली त्या आवाजाने. "माझ्या देवा. का सोडलंस मला?" दाराशी शेनॉनचा हात तोंडावर गेला. तो आवाज तिने परवाच कुठेतरी ऐकला होता, हे तिला आठवत गेलेलं त्याला इतक्या लांबून दिसलं. त्याने ओळ अर्धी सोडली, बाबा सोडत तशी, आणि थांबला. क्रिस तोंड उघडून उभा होता. त्याला धरायला सूरच नव्हता. वर्षानुवर्षं झील धरणारा क्रिस, त्याच्या हाताला दोरीच लागेना. कोणालाच लागेना. इग्नेशियस वाट बघत राहिला. वर पंखा होता, पंख्यावर छत होतं, छतावर शारजाचं पांढरं आभाळ असणार. तिथून काही आलं नाही. अपेक्षा करू नये हे त्याला आता ठाऊक होतं, तरी त्याने वाट पाहिली, आणि त्या पाहण्याला तळ नव्हता. खलास, त्याला वाटलं. हीच ती रिंग. ही अशीच जात राहणार.

तेव्हा बायकांच्या तिसऱ्या रांगेतून एक ओळ आली. माझ्या डरकाळीपासून तू इतका दूर का? कण्हण्यापासून नव्हे, डरकाळीपासून, त्याने एकदा जेवताना तिला सांगितलं होतं तसं. आवाज जाडा होता, थरथरता, पहिल्याच शब्दाला घसरला, मग नको तिथे चढला आणि चढलेलाच राहिला. पोरं हसायला लागली आणि आयांनी त्यांना दाबलं. बर्था उभी राहिली होती. पदर मुठीत, डोळे घट्ट मिटलेले, मान वर, आणि ती गात होती, सिस्टरपासून लपवलेलं, लग्नाच्या मिस्सात गिळलेलं, पाळण्यापाशी न म्हटलेलं सगळं एकदम, मोठ्याने, आगगाडीने रूळ सोडावा तसं. भैरवी नव्हती ती. कुठल्याच पुस्तकात नव्हती. कोणी बांधलेली नव्हती आणि पुन्हा कोणाला म्हणता येणार नव्हती. तिने ओळ अर्धी सोडली, श्वास संपला म्हणून, आणि डोळे न उघडता थांबली.

इग्नेशियसने चिपळ्या खाली ठेवल्या, आणि त्या फाटक्या आवाजाने, ती जिथे होती तिथे, तिच्या मागे झील धरली.